धावणाऱ्यांची नडगी का दुखते?

पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडा. बायपासच्या कडेने, साखर कारखान्याच्या रस्त्याने किंवा कॉलेजच्या मैदानावर अंधारातच मुले-मुली धावताना दिसतील. कुणाला पोलीस भरतीत उतरायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते, तर कुणाला शाळेतर्फे जिल्हा स्पर्धेत पळायचे असते. त्यांच्यापैकी काही जण त्याच दिवशी दहा-अकराच्या सुमारास माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेले असतात. पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवलेली आणि हात नडगीवर. "डॉक्टर, इथं आतल्या बाजूला ठणकतंय. ग्राउंड तीन आठवड्यांवर आलंय. एखादं इंजेक्शन द्या, पण पळणं थांबवायला सांगू नका," हे ठरलेले वाक्य.

हाडांचा डॉक्टर म्हणून मला आता तीस वर्षे होत आली. या दुखण्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. भरती जाहीर झाली की असे रुग्ण वाढतात आणि दरवेळी तेच सगळे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. त्यापेक्षा घरोघरी वाचले जाणाऱ्या या पानावर एकदाच सविस्तर सांगितलेले बरे. पण त्याआधी एक कबुली दिली पाहिजे.

माझ्या हातून झालेली चूक

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्याच एका खेड्यातला तरुण माझ्याकडे आला. भरतीची मैदानी चाचणी आठ दिवसांवर आली होती. वयाच्या अटीमुळे त्याची ही शेवटची संधी होती. डाव्या नडगीत महिनाभर दुखत होते. आधी पळताना दुखायचे, मग चालतानाही दुखू लागले. गेल्या चार रात्री तर झोपमोड होत होती. मी एक्स-रे काढला. तो स्वच्छ होता. "हाड चांगलं आहे," असे मी त्याला सांगितले. त्याने हात जोडले, म्हणून वेदनाशामक इंजेक्शन दिले आणि आठ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळी घेऊन तो चाचणीला उतरला. शेवटच्या फेरीत त्याच्या पायातून काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि तो जागीच कोसळला. नडगीचे हाड मधोमध मोडले होते. हाडात सळई घालण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. पाय बरा झाला, पण नोकरीची संधी हुकली ती हुकलीच. त्याने मला कधी दोष दिला नाही. दोष मात्र माझाच होता. रात्री दुखते, एकाच जागी बोट ठेवता येईल असे दुखते, या दोन गोष्टी त्याने मला स्वतःहून सांगितल्या होत्या. मी एक्स-रेवर विश्वास ठेवला, रुग्णाच्या बोलण्यावर ठेवला नाही.

तेव्हापासून नडगी दुखते म्हणून कुणी आले की मी घाई करत नाही. वाचकांनीही करू नये, म्हणून हा लेख.

हे दुखणे म्हणजे नेमके काय?

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुढच्या बाजूला हाताला लागते ते नडगीचे हाड. त्याच्या आतल्या कडेवरून बोट खाली नेले, तर घोट्याच्या वर चार बोटांपासून पोटरीच्या मध्यापर्यंत एक पट्टा लागतो. धावणाऱ्यांना दुखते ते बहुधा याच पट्ट्यात. खेळाडू याला 'शिन स्प्लिंट्स' म्हणतात. वैद्यकीय नाव आहे 'मिडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम'. सोप्या भाषेत, नडगीच्या आतल्या कडेवर ताण साचून होणारे दुखणे.

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा जोर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. साठ किलोचा मुलगा पाच किलोमीटर पळाला, तर त्याच्या एकेका पायावर एकशेवीस ते एकशेऐंशी किलोचा भार दोन-अडीच हजार वेळा येतो. त्या भाराने नडगीचे हाड दरवेळी किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. पोटरीचे स्नायू आणि त्यांचे पापुद्रे हाडाच्या आतल्या कडेला चिकटलेले असतात, तेही त्या कडेला ओढत राहतात. हाडावरचे आवरण चिडते आणि हाडही थकते.

हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असते. नवा भार पडू लागला की शरीर ते हाड मजबूत करायला घेते. पण घराची जुनी भिंत बदलताना गवंडी जसा आधी थोडा भाग पाडतो आणि मग नवा बांधतो, तसेच इथेही होते. हाड पोखरणाऱ्या पेशी आपले काम दोन-तीन आठवड्यांत उरकतात. नवे हाड भरणाऱ्या पेशींना मात्र त्याच जागी सुमारे तीन महिने लागतात. म्हणजे सराव सुरू केल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा दम चांगला टिकू लागतो आणि उत्साह वाढलेला असतो, नेमके तेव्हाच हाड कच्चे असते. छाती आणि दम लवकर तयार होतात, हाड मागे राहते. या दुखण्याचे मर्म हेच आहे.

स्वीडनमधील संशोधकांनी २००१ मध्ये असे दुखणे बराच काळ असलेल्या खेळाडूंची हाडे तपासली, तेव्हा दुखऱ्या जागी हाडाची घनता कमी झालेली आढळली. पुढे दुखणे बरे झाल्यावर ती पुन्हा भरून आल्याचेही दिसले. तेव्हा हे केवळ 'मांस दुखणे' नाही आणि वेळ दिला तर ते भरून येते, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

हा प्रकार काही आजचा नाही. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहॉप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्येच लांब कूच करणाऱ्या शिपायांचे पाय सुजून दुखतात, अशी नोंद केली होती. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, त्या सुजलेल्या पावलांच्या हाडांना बारीक तडे गेलेले असतात हे दिसून आले. कुठलाही अपघात नसताना, नुसत्या चालण्या-पळण्याने हाडाला तडा जाऊ शकतो, हे जगाला तेव्हा कळले.

कुणाला होते?

माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांची हकीकत एकच असते. वर्षभर काही केलेले नसते. जाहिरात निघते आणि दुसऱ्या दिवसापासून पाच-सहा किलोमीटर पळणे सुरू होते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. म्हणून रोज पळायचे, रोज वेळ लावायची, वर उड्या, बैठका आणि टेकडी चढणे. सुट्टीचा दिवस नाहीच. अचानक आणि फार, हेच या दुखण्याचे पहिले कारण आहे.

दुसरे कारण बूट. मोठ्या भावाचे झिजलेले बूट, पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट किंवा बाजारात स्वस्तात मिळणारे, दिसायला झगमगीत पण तळाला टणक असे बूट. चांगल्या बुटाचा तळही साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर धावल्यावर दबतो. वरून तो नवा दिसला तरी आतली गादी मेलेली असते.

तिसरे कारण पायाची ठेवण. ज्यांचे तळवे सपाट आहेत, पाऊल टेकताना घोटा आत झुकतो, त्यांच्या नडगीच्या आतल्या कडेवर जास्त ताण येतो. ओला पाय फरशीवर टेकवून पाहावा. सगळा तळवा उमटला तर तो सपाट समजावा. वजन जास्त असणे, पोटऱ्या कमजोर असणे आणि पूर्वी एकदा हे दुखणे होऊन गेलेले असणे, यांमुळेही धोका वाढतो. कायम डांबरी रस्त्यावर, तेही एकाच उताराच्या कडेने पळणे टाळलेले बरे.

चौथे कारण पोटाशी निगडित आहे. पहाटे उपाशी पळायचे, दुपारी अभ्यासिकेत बसायचे, रात्री खोलीवर एक डबा दोघांत खायचा. असे झाले तर हाड भरायला लागणारा माल येणार कुठून?

प्रत्येक नडगी सारखी नसते

नडगी दुखते म्हणजे दरवेळी शिन स्प्लिंट्सच असे नाही. तीन दुखणी एकमेकांसारखी दिसतात. ती ओळखायला शिकावे.

पहिले, साधे शिन स्प्लिंट्स. अंगठ्याने नडगीची आतली कड दाबत गेलात, तर पाच सेंटिमीटरहून लांब, म्हणजे साधारण तीन बोटे किंवा त्याहून जास्त पट्टा दुखतो. पळायला सुरुवात करताना दुखते, अंग तापल्यावर कमी होते आणि पळून झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणकते. रात्रीची झोप मात्र लागते.

दुसरे, हाडाला गेलेला बारीक तडा. इथे दुखणे पसरलेले नसते. एका बोटाने दाखवता येते, 'बस्स, इथेच'. पळताना दुखणे कमी होत नाही, वाढतच जाते. पुढे चालताना दुखते, मग रात्रीही दुखते. त्या जागी थोडी सूज किंवा गाठ लागते. दुखणे नडगीच्या पुढच्या धारेवर, मधोमध असेल तर अधिकच सावध राहावे. ती जागा भरायला फार वेळ घेते आणि तिथले हाड पूर्ण मोडण्याची भीती असते. अशी शंका असेल तर एका पायावर उड्या मारून पाहण्याचा प्रयोग घरी करू नये.

तिसरे, पोटरीच्या कप्प्यांत दाब वाढणे. ठरावीक अंतर पळाल्यावर पोटरी दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर पडते किंवा नीट उचलत नाही आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळे पूर्ववत होते. याची तपासणी आणि उपचार वेगळे आहेत. शिवाय मार लागून पोटरी घट्ट झाली असेल आणि विश्रांतीतही वेदना असह्य होत असतील, तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. पळण्याशी संबंध नसताना एकच पोटरी सुजली, तापली, तरीही लगेच दाखवावे.

एक्स-रेबद्दल एक सांगितले पाहिजे. हाडाचा बारीक तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुधा दिसतच नाही. तेव्हा 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणजे 'हाड नॉर्मल आहे' असे नव्हे. लक्षणे तड्याची असतील तर एमआरआयने खरे चित्र कळते. तो खर्चिक आहे आणि प्रत्येकाला लागत नाही. जिथे तो परवडत नाही, तिथे तडा आहे असे समजून विश्रांती द्यावी आणि तीन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढावा, हा शहाणपणाचा मार्ग.

उपचार

शिन स्प्लिंट्सवर जादूचे औषध नाही. पहिला उपचार म्हणजे पळणे थांबवणे. हे ऐकताच समोरच्याचा चेहरा उतरतो. पण पळणे थांबवणे म्हणजे अंथरुणावर पडून राहणे नव्हे. सायकल चालवावी. पोहता येत असेल तर विहिरीत किंवा तलावात, सोबत कुणी असताना, पोहावे. त्याने दम टिकून राहतो आणि नडगीवर आघात होत नाही. सुरुवातीलाच थांबलात तर दोन ते सहा आठवड्यांत बरेच जण पुन्हा पळू लागतात. दुखणे अंगावर काढत तीन-चार महिने घालवलेत, तर बरे व्हायलाही तसेच महिने लागतात.

पहिले काही दिवस दुखऱ्या जागी बर्फ लावावा. बर्फ रुमालात गुंडाळून पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. थेट कातडीवर घासू नये. त्याने ठणका कमी होतो, हाड भरत नाही, हे ध्यानात असावे. जोरजोरात मालिश करू नये, हाड चोळून बसवून घेऊ नये. दुखण्याने फारच बेजार झाले तर साधी पॅरासिटामॉल चालते. इतर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. गोळी खाऊन पळणे तर मुळीच नको. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून दरवाजा उघडा टाकला की काय होते, ते मी वर लिहिलेच आहे. शिवाय उन्हात, घाम गाळत, कमी पाणी पिऊन या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. नडगीत स्टिरॉईडचे इंजेक्शन घेण्याच्या फंदातही पडू नये.

ठणका कमी झाला की पोटरीला ताकद द्यायची. भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा सावकाश उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या. पंधरा वेळा, असे तीन वेळा. आधी गुडघे सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. दुखत नसेल तर दोन आठवड्यांनी एकेका पायावर. त्यानंतर भिंतीला पाठ टेकून, टाचा जमिनीवर ठेवून दोन्ही चवडे वर उचलायचे. यासाठी व्यायामशाळा लागत नाही. तळवे सपाट असतील तर बुटात आधाराची गादी घालून काही जणांना आराम पडतो.

पुन्हा केव्हा पळायचे?

दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. अर्धा तास भरभर चालून दुखता कामा नये आणि नडगीची कड अंगठ्याने दाबून दुखता कामा नये. मग एक दिवसाआड सुरुवात करावी. एक मिनिट हळू पळणे, चार मिनिटे चालणे, असे पाच-सहा वेळा. दर आठवड्याला पळण्याची मिनिटे वाढवायची, चालण्याची कमी करायची. आधी अंतर वाढवावे, वेग सगळ्यात शेवटी. आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढ करू नये, हा ढोबळ नियम बरा आहे. मातीचे मैदान निवडावे. लांब ढांगा टाकण्याऐवजी पावले थोडी आखूड आणि जलद टाकावीत, त्याने नडगीवरचा भार कमी होतो. दुखले की दोन पायऱ्या मागे यावे.

हाडाला तडा असेल तर मात्र हे वेळापत्रक लागू नाही. तिथे डॉक्टर सांगतील तेवढे दिवस थांबावेच लागते.

खाण्याकडेही लक्ष हवे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी, दूध-दही, तीळ, मोड आलेली कडधान्ये, परवडत असतील तर अंडी, हे महागड्या डब्यातल्या पावडरीपेक्षा बरे. पहाटे पळून दिवसभर खोलीत बसणाऱ्या मुलांच्या अंगाला ऊन लागत नाही. त्यांच्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते.

मुलींच्या आयांना एक विनंती. सराव करणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर 'व्यायामाने होतं असं' म्हणून सोडून देऊ नका. खाणे कमी आणि श्रम जास्त झाले की पाळी थांबते, आणि त्याबरोबर हाडेही ठिसूळ होऊ लागतात. अशा मुलींच्या हाडांना तडे जाण्याची शक्यता जास्त असते. संकोच न करता डॉक्टरांना सांगावे.

'पाय शाबूत आहे ना?'

गेल्या भरतीच्या वेळी एक गृहस्थ एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मी त्यांना लगेच ओळखले. नडगीत माझ्या समोर सळई घातली गेलेला तोच तरुण, आता कानाशी केस पांढरे झालेला. मुलगी त्याची भाची. तिचे ग्राउंड सात आठवड्यांवर आले होते. खुर्चीवर बसायच्या आतच तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हिला इंजेक्शन देऊ नका. आधी नीट बघा."

मी नीट बघितले. चांगला वीतभर पट्टा दुखत होता, एका जागी टोचत नव्हते, रात्री झोप लागत होती. तडा वाटत नव्हता. तीन आठवडे पळणे बंद, असे सांगताच तिच्या डोळ्यांत पाणी आले. "सर, सगळ्या पोरी पुढं जातील," ती म्हणाली. मामाने काही न बोलता आपली पँट वर केली आणि गुडघ्याखालचा व्रण तिला दाखवला. त्यानंतर तिने वाद घातला नाही.

तीन आठवडे तिने सायकल मारली, मामाच्या देखरेखीखाली विहिरीत पोहली, टाचा उचलल्या. दाबून दुखणे थांबल्यावर पुढचे चार आठवडे मी आखून दिल्याप्रमाणे पळाली. ८०० मीटर दुखल्याशिवाय पूर्ण केले. वेळ तिच्या मनासारखी आली नाही आणि अंतिम यादीत थोड्या गुणांनी तिचे नाव हुकले. निकाल सांगायला दोघे आले तेव्हा मलाच अपराधी वाटले. पण मामा म्हणाला, "यादी पुन्हा निघंल, साहेब. पाय शाबूत आहे ना?"

आता ती आठवड्यातून चार दिवस पळते, जाहिरातीची वाट न पाहता. वहीत अंतर लिहिते आणि बूट कधी घेतले ती तारीखही लिहिते. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि त्याच्या पालकांनी एवढे केले, तरी माझ्या बाकावरची गर्दी निम्मी होईल. सराव जाहिरात निघाल्यावर नव्हे, निदान चार-सहा महिने आधी, थोडा थोडा सुरू करावा. आणि नडगी बोलू लागली, तर तिचे पहिल्याच आठवड्यात ऐकावे.